पहिली एरर वाचा

मराठी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे. कोराडीतल्या माझ्या विद्यार्थ्यांसाठी दोन्ही भाषांचा शब्दसंग्रह मी ‘झीलाटेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडते. त्यात ‘पॉलिग्लॉसिया’ हे पॅकेज भाषा सांभाळतं आणि उर्दूची दिशा वळवायला ‘बिडी’ला बोलावतं (ओढायची नव्हे!). एक नवं नि दुसरं जुनं राहिलं, की पान अडतं.

अशा वेळी बरेच जण कंटाळून उर्दू ओळीचा फोटो चिकटवतात. पान छान दिसतं, पण त्यातला शब्द शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. मुलांची भाषा नुसतं चित्र होऊन बसते.

त्यापेक्षा पहिली एरर वाचा. पुढच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात. बिडीच्या मागून दुसरं पॅकेज आलं असेल, तर ते आधी घ्या, असं एररच सांगते. नाहीतर फाइलच्या सुरुवातीला ‘लिस्टफाइल्स’ ही आज्ञा द्या. लॉगमध्ये प्रत्येक पॅकेजची तारीख येते आणि मागे राहिलेलं सापडतं. मग एकट्याला नव्हे, सगळ्यांना एकत्र अपडेट करा. ‘टेक लाइव्ह’चा संच दरवर्षी नवा निघतो, फार जुना असेल तर सरळ नवाच बसवा.