लाल गोळी बंद करू नकोस

चि. सोनूस,

सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.९ आलं आणि "दिवसांत असं होतंच" असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पोटुशीपणी रक्तातला द्रव तांबड्या पेशींहून जास्त वाढतो, म्हणून आकडा थोडा उतरतो. पण तो उतार धरूनच रक्तक्षयाच्या निदानाची रेघ ११ च्या आसपास आखली आहे. तू तिच्या बरीच खाली आहेस, सोनू. दोन जिने चढून धाप लागते, ती केवळ पोटाच्या वजनाने नाही.

तू परळला राहतेस म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्याच भागातल्या हाफकिन संस्थेत १९२८ च्या सुमारास लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. मुंबईतल्या गिरणी कामगार बायका गरोदरपणी रक्त आटून मरत होत्या, त्याचं कारण ती शोधत होती. ती बायकांची ताटं पाहू लागली. दोष तिथेच सापडला. यीस्टचा अर्क देताच त्या सुधारल्या. १९३१ साली तिने हे छापलं, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. तुझ्या लाल गोळीत लोहाबरोबर तेच आहे.

आणि ती गोळी तू मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून सोडलीस! काळं होणं निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घे, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेव. बीट-डाळिंब खुशाल खा, पण नुसत्या त्यांच्यावर ८.९ चे ११ होणार नाहीत. दोन गोळ्या लागतील की शिरेतून लोह, ते डॉक्टरांना या आठवड्यातच विचार.

शेवटच्या तीन महिन्यांत बाळ स्वतःचा लोहसाठा तुझ्यातूनच भरतं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तुझ्याकडे शिल्लक हवी. मला खरी धास्ती त्याचीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, इतकं हे आपण सवयीचं करून टाकलंय.

सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणं आजपासून बंद कर. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. त्या मायाळू आहेत, ऐकतील. महिन्याभराने पुन्हा रक्त तपास आणि आकडा मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
मावशी