कच्चा कागद आणि पक्की वही

व्यापारी पेढीवर दिवसभर कच्च्या कागदांवर आकडेमोड चालते. पक्क्या वहीत उतरतो तो मात्र खरा व्यवहार. एखादा कच्चा कागद उडाला म्हणून कोणी मुनीम वर्षाची खतावणी पुन्हा लिहावयास बसत नाही. संगणकाला हा विवेक उपजत नसतो. तो शिकवावा लागतो.

सॉफ्टवेअर असंख्य फाइलींतून घडते. प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्राला उमगेल अशा रूपात आणून सर्व भाग जोडणे, यास ‘बिल्ड’ म्हणतात. मोठ्या प्रकल्पात त्यास काही तासही लागतात. एका फाइलीतील बदलापायी सर्वच काम पुन्हा करावे लागू नये, यासाठी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे साधन निर्माण केले. त्याचा नियम सुबोध आहे: तयार भागापेक्षा मूळ फाइलीची वेळ अलीकडची असेल, तर तेवढाच भाग नव्याने करावा.

अडचण उद्भवते ती केवळ वेळेवर भिस्त ठेवल्याने. ‘विम’सारखे लेखनसाधन फाइल उघडताच सहसा तिच्या शेजारी एक तात्पुरती फाइल करून ठेवते. अकस्मात वीज गेली तरी श्रम वाया जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. काम आटोपताच ती नाहीशी होते. परंतु फोल्डरमध्ये फाइल आली वा गेली, की त्या फोल्डरची वेळ बदलते. बिल्डचा नियम फोल्डरच्या वेळेशी बांधलेला असेल, तर एक अक्षरही न बदलता काम पुन्हा सुरू होते. माणसे खोळंबतात, यंत्रे व्यर्थ राबतात.

यावर बिल्डच बंद ठेवणे हा उपाय नव्हे. खरा बदल नजरेआड झाला, तर जुनाच भाग ग्राहकाच्या हाती जातो. बेरीज दोनदा करण्यापेक्षा ताळेबंदातील चूक सुटणे अधिक घातक, तसेच हे. म्हणून नियमात नेमक्या फाइलींची नावे द्यावीत आणि तात्पुरत्या फाइलींना निराळी जागा नेमावी. फोल्डर अस्तित्वात असावे, पण त्याची वेळ पाहू नये, अशी सोयही ‘मेक’च्या ग्नू आवृत्तीत आहे. गूगलने २०१५ मध्ये सर्वांस खुले केलेले ‘बेझल’ तर वेळेऐवजी मजकुराचाच अंकीय ठसा ताडून पाहते.

साधने सुधारली, तरी हिशेबात काय धरावे आणि काय वगळावे, हे आरंभीच ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते. पेढीवरही ते कधी निराळे नव्हते.