सुतळीची गाठ

बँकेत नोकरी करणाऱ्याला बांधाबांधीचं कौतुक नसतं. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, वर पट्टी, पट्टीवर शिक्का, सही नि तारीख. पूर्वी पाकिटांना पिना मारत. २००१ साली रिझर्व्ह बँकेनं त्या बंद केल्या. नोटांना भोकं पडायची थांबली नि आमच्या बोटांनाही.

त्यामुळे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्या प्रोग्रामचं पॅकेज करू या," तेव्हा मी गोंधळलो. पॅकेज हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या मुलांच्या पगाराबद्दल किंवा काश्मीरच्या सहलीबद्दलच ऐकला होता.

त्याचं झालं असं, की मी सोसायटीचा खजिनदार. थकबाकीचं व्याज काढायला पायथन भाषेत चाळीस ओळींचं एक मॉड्यूल लिहिलं होतं. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या खजिनदारांनी ते मागितलं. मी फाइल पाठवायला निघालो, तर चिरंजीव हसले. "डब्यातून भाजी पाठवताय का? पायपीआयवर चढवा. ज्याला हवं तो एका कमांडनं उचलेल."

पायपीआय म्हणजे पायथनच्या पुडक्यांचं सार्वजनिक गोदाम. भाषेचं नाव विलायतेतल्या माँटी पायथन या विनोदी मंडळींवरून. त्यांच्या एका प्रहसनात चीजच नसलेलं चीजचं दुकान आहे, म्हणून गोदामाचं लाडकं नाव 'चीज शॉप'. तिथल्या पुडक्याला म्हणतात व्हील, म्हणजे चीजचं चाक. आणि ते चढवणाऱ्या साधनाचं नाव ट्वाइन. ट्वाइन म्हणजे सुतळी! मी खुर्ची पुढे ओढली. हे खातं आपलंच.

चिरंजीवांनी छोटी स्क्रिप्ट लिहिली. जुनी पुडकी फेक, नवं पुडकं बांध, ट्वाइननं तपास, ट्वाइननं पाठव. शिवाय वरती ताकीद, की एक पायरी फसली तर तिथेच थांब. मी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली नि एंटर दाबलं. अर्ध्या मिनिटात आवृत्ती ०.१.० जगापुढे हजर! बँकेत एवढ्या वेळात शिपाई लाख शोधून आणत नाही.

महिन्याभरानं तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बिल घेऊन आल्या. वर्षभर लेकीकडे होत्या, थकबाकी २४,००० रुपये. "काय रे, बारा टक्क्यांनी २,८८० होतात. तू ३,०४३ रुपये ८० पैसे घेतलेस."

मी आकडा पाहिला नि घाम फुटला. सोसायटीचं व्याज सरळ. माझा हात बँकेतला, सवयीनं दरमहा चक्रवाढ लावून मोकळा झाला होता.

"अरे, पण ट्वाइननं तपासलं होतं ना?" मी चिरंजीवांवर उखडलो.

"बाबा, ते पुडक्यावरचं वर्णन नीट दिसेल का, एवढंच बघतं. आतला माल तुम्ही बघायचा."

म्हणजे पट्टीवरची सही पाहून नोटा न मोजणारा कॅशियर! आणि तो कॅशियर मीच.

मी आवाज खाली आणला. "मग असं कर, ती फाइल पुसून त्याच नंबरावर दुरुस्त केलेली चढव. कुणाला कळतंय?"

"तिथे चालत नाही. पुसली तरी त्याच नावाची फाइल पुन्हा घेत नाहीत. फार तर 'यँक' करता येईल. म्हणजे ती तिथेच राहते, पण नेमकी तीच मागितल्याशिवाय नव्यानं कुणाला मिळत नाही."

मी गप्प झालो. चुकलेलं व्हाउचर फाडायचं नसतं, त्यावर 'रद्द' लिहून फाइलला लावायचं असतं, हे मी वीस वर्षं नव्या मुलांना शिकवत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा पहिला हात कागद फाडायलाच गेला.

०.१.० यँक केली. ०.१.१ बांधायच्या आधी पाच जुनी बिलं हातानं ताडून पाहिली. वर्णनात लिहिलं, 'आधीच्या आवृत्तीत चक्रवाढ व्याज लागत होतं. चूक माझी.' दोन्ही खजिनदारांना फोन केले. हे शेवटचं काम करणारी कमांड अजून निघालेली नाही.

मग १६३ रुपये ८० पैसे पाकिटात घालून तिसरा मजला चढलो. आजींनी पैसे दोनदा मोजले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि इतके दिवस हे पैसे तुझ्याकडे होते, त्याचं व्याज?"

मी नम्रपणे विचारलं, "सरळ की चक्रवाढ?"