आधी कोणते काम?

निवासी शाळेतील शिक्षकाचा दिवस पहाटेच्या बुद्धवंदनेने सुरू होतो आणि रात्री अभ्यासिकेतील दिवे मालवल्यावर संपतो. मधल्या वेळात तासिका, हजेरी, भोजनगृहाचा हिशेब, तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेणे आणि ऑनलाइन भरावयाची माहिती. या शेवटच्या कामाची भूक काही केल्या शमत नाही! मी खिशात कामांची यादी ठेवीत असे. ज्याची मुदत जवळ, ते सर्वांत वर.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. आठवीतील एक मुलगी कार्यालयाच्या दाराशी आली. "सर, थोडं बोलायचं होतं." संगणकावरची नजर न काढता मी म्हणालो, "चारनंतर ये, बाळा."

दुपारी दोनला तिचे वडील आले. सेनगाव तालुक्यातील हे कुटुंब. मुकादमाकडून उचल घेतलेली. संध्याकाळी टोळी ऊसतोडीला निघणार. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवे होते. मी चारला वर्गात गेलो, तेव्हा तिची जागा रिकामी होती. सरांनी वडिलांशी बोलावे एवढेच तिला हवे होते, असे मैत्रिणीने सांगितले. त्या दिवशीचे सर्व अर्ज वेळेत गेले. त्यांत तिचाही होता.

१० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती ढासळली होती. महिनाभराच्या उपचारांसाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, १६ ऑगस्टला ते चर्चेस घेऊन १ सप्टेंबरपर्यंत संपवावे, ही त्यांची मागणी होती. कायदामंत्र्यांना दुसरी कामे नव्हती असे नाही. परंतु स्त्रीचा वारसाहक्क त्यांनी स्वतःच्या औषधपाण्याच्याही आधी ठेवला. विधेयक रखडले आणि २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. हा प्रसंग मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो होतो, तारखांसकट.

उन्हाळ्यात टोळी परतली. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. जूनमध्ये ती पुन्हा आठवीत बसली. वर्ष गेले ते गेलेच.

आता दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या आठवड्यात सकाळी मी संगणक उघडत नाही. वसतिगृहात मुलामुलींजवळ जाऊन बसतो. कुणाच्या घरी उचल आली आहे, हे ती न विचारता सांगतात. अर्ज रात्री, नेटवर्क मोकळे झाल्यावर भरतो. उशीर झाल्याबद्दल आलेली दोन स्मरणपत्रे माझ्या फाइलला लावलेली आहेत.