एका शून्याची गोष्ट

मैत्रिणींनो, पूर्वी आमच्या करकंबात भांड्यांवर नावं घालणारा दारी येई. आता तेच काम माझा मुलगा लेसर यंत्रावर करतो. यंत्राबरोबर चष्मा आला. काच चांगली गडद. मला वाटलं, झालं, डोळ्यांची काळजी मिटली!

एकदा चष्मा पुसताना कडेला आकडा दिसला : १०६००. यंत्रावर मात्र १०६४. म्हटलं, हे एक शून्य जास्तीचं कुठून आलं?

चौकशी केली तर कळलं, हे आकडे प्रकाशाच्या तरंगलांबीचे, नॅनोमीटरमधले. १०६०० चा चष्मा लाकूड, अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या लेसरसाठी. स्टीलवर कोरणारा १०६४ चा किरण वेगळाच. तो दिसत नाही, म्हणून डोळे आपसूक मिटतही नाहीत, अन् तो थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. चकचकीत ताटावरून उलटला तरी घातकच. माझ्या तर पोटात गोळाच आला!

त्याच दिवशी काम थांबवलं. नवा चष्मा आणला : १०६४ लिहिलेला, वर 'ओ. डी. ६', म्हणजे त्या किरणाचा दहा लाखांतला एकच भाग आत सोडणारा. तेव्हा काचेच्या रंगावर जाऊ नका, आकडे जुळवा. आणि चष्मा असला तरी किरणाकडे रोखून बघायचं नाही, बरं का!

तांदळातला खडा टिपणारी आपली नजर. ती या आकड्यांवरूनही फिरू द्या.