पांढऱ्याखेरीज

पूर्वी आपल्याकडे घराचा रंग निवडायला फार डोकं लावावं लागत नसे. चुना भिजवायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. हौस असलीच तर पिवडी, नाहीतर खालच्या पट्ट्याला काव. आता शेडकार्डात नुसत्या पिवळ्याच्याच कितीतरी छटा! आणि कार्डावर फिका वाटलेला रंग भिंतीवर गडद दिसतो. म्हणून आधी छोटा डबा आणून भिंतीवर हातभर तुकडा रंगवावा. सकाळच्या उन्हात बघावा, रात्री दिव्याखालीही बघावा. आमच्या बेळगावच्या पावसात भिंती ओल धरतात. त्या वाळल्याशिवाय ब्रश लावला की रंगाला फुगे आलेच.

एवढं सगळं आपण बघतो, पण ज्याची खोली त्याला विचारतो का?

आमच्याकडे स्वयंपाकघरावर दोन दिवस चर्चा झाली, मुलीच्या खोलीवर भांडण झालं. सासूबाईंची खोली मात्र न बोलता पांढरी ठरली. वन्सं म्हणाल्या, "आईला पांढराच शोभतो. शुक्ल लेश्या सगळ्यात चांगली."

आत्ती तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझे बाबा गेल्यापासून पस्तीस वर्षं पांढरं नेसले की. आता भिंत पण पांढरीच काय गं?"

सगळे गप्प.

सहा लेश्यांचं चित्र आपण बस्तीत पाहिलेलं असतं. जांभळाचं झाड, खाली सहा भुकेले. एक झाड मुळापासून तोडू म्हणतो, ती कृष्ण लेश्या. शेवटचा खाली पडलेली जांभळंच वेचतो, ती शुक्ल. भूक सगळ्यांची सारखीच, फरक मनाचा. गोम्मटसारातही शरीराचा वर्ण ती द्रव्यलेश्या आणि मनाची ती भावलेश्या, असं वेगळं सांगितलंय. मग दुसऱ्याला पांढरं नेसवून त्याचं मन शुक्ल कसं होणार? आणि लेश्याच बघायची, तर पीत लेश्याही शुभच आहे.

आत्तींनी हळदीपेक्षा जरा फिका पिवळा निवडला. उत्तरेकडची अंधारी खोली त्यांची. तिथे तो चांगलाच उठून दिसला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला हाताला धरून आत नेलं.

तुमच्या घरी रंग काढायचा असेल, तर शेडकार्ड आधी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईच्या हातात द्या. सोबत चष्माही द्या.