चष्मा जाईल का, हा दुसरा प्रश्न आहे

आमच्या तालुक्यात सध्या तीन हंगाम एकदमच चालू आहेत. लग्नसराई, भरती आणि 'चष्म्यापासून कायमची मुक्ती' शिबिरं. पहिल्या दोनमुळे तिसऱ्याला गर्दी होते, हे वेगळं सांगायला नको. पोस्ट मोठी आहे, पण घरात अठरा ते पंचवीस वयाचं चष्मेवालं पोरगं-पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझी भाची एकवीस वर्षांची. डी. फार्मसी झालेली, मेडिकलवर काम करते. नंबर मायनस सहाच्या आसपास. गेल्या वर्षभरात तीन स्थळं आली आणि तिन्ही ठिकाणाहून साधारण एकच निरोप. मुलगी छान आहे हो, चष्मा तेवढा जाड आहे. चौथं स्थळ येण्याआधी चष्मा घालवायचा, असं बहिणीनं ठरवलं. भिशीचे साठ हजार तिनं त्यासाठीच बाजूला ठेवले होते.

त्याच सुमारास गावात शिबिर लागलं. एका पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडप, बॅनर, वडापाव, आणि मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याची गाडी. नंबर तपासला, एका मशीननं कॉर्नियाची जाडी मोजली, आणि दहा मिनिटांत कार्डावर शिक्का. 'फिट'. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर सवलत. बहिणीचा मला फोन, "दादा, पोरगी पास झाली बघ!"

पास झाली हा शब्द मला खटकला. बातम्यांच्या धंद्यात वीस वर्षं काढली की जिथं फक्त पास करणारेच बसलेत, त्या परीक्षेबद्दल शंका येते. मी म्हटलं, पैसे भरू नको, आधी सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. बहीण चिडली. "तुला प्रत्येक गोष्टीत बातमीच दिसते." पण आली.

तिथं जे पाहिलं-ऐकलं, ते आधी सरळ भाषेत सांगतो.

डोळ्यावर पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लेझर काय करतं? याच पडद्याचा थोडा भाग काढून त्याचा आकार बदलतं. एका नंबरामागे अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन जातात. लेसिक प्रकारात वरचा पातळ पापुद्रा साधारण ११० मायक्रॉनचा उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. सगळं झाल्यावर खाली किमान २५० मायक्रॉन तरी शिल्लक राहिले पाहिजेत. बरेच डॉक्टर त्याहून जास्तच शिल्लक ठेवतात. काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. ही वजाबाकी आहे, हिच्यात बेरीज नाही.

भाचीची जाडी होती ४९२. त्यातून पापुद्र्याचे ११० गेले, सहा नंबरांचे ८४ गेले, राहिले २९८. म्हणजे शिबिरातला हिशोब चुकीचा नव्हता. आकड्यात पोरगी बसत होती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मात्र आकड्याच्या आधी प्रश्न विचारले. चष्म्याचे जुने कागद आणलेत का? नंबर शेवटचा कधी बदलला? आणि मग, "बाळा, डोळे चोळतेस का गं?"

भाची गप्प. बहीणच म्हणाली, "लहानपणापासून. उन्हाळ्यात तर सारखी. खाज येते तिला."

मग एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं. हे मशीन कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्याही बाजूचा नकाशा काढतं. शेतजमिनीचा उंच-सखल नकाशा असतो ना, तसाच. स्क्रीनवर रंग उमटले. उजवा डोळा बऱ्यापैकी सारखा. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला लाल-केशरी ठिपका, म्हणजे तिथला भाग जास्त उभार. मागच्या दोन वर्षांत त्याच डोळ्याचा तिरका नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात, एकावरून दोनच्या पुढं गेलेला. जुन्या कागदांवर ते लिहिलेलं होतं, शिबिरात ते कागद कुणी मागितलेच नव्हते.

या आजाराला केराटोकोनस म्हणतात. कॉर्निया हळूहळू कमकुवत होऊन शंकूसारखा पुढं येतो. सुरुवात बहुतेक वेळा पंधरा ते पंचविशीत होते, म्हणजे नेमकी ज्या वयात पोरं चष्मा घालवायला निघतात त्याच वयात. ॲलर्जी आणि डोळे जोरात चोळण्याची सवय यांचा त्याच्याशी संबंध आहे. भाचीचा आजार अगदी सुरुवातीचा होता. चष्मा लावून सगळं स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे घरात कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "भिंतीला आधीच ओल आहे, आणि तुम्ही तिच्यातल्या विटा काढायला निघालाय."

अशा डोळ्यावर लेसिक केलं तर कॉर्निया आणखी फुगत जाऊ शकतो. मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. खास कडक लेन्स वापराव्या लागतात, आणि काहींना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो. एकवीस वर्षांच्या पोरीच्या पुढ्यात हे वाढलं असतं, तेही सवलतीच्या दरात.

आता ऑपरेशनबद्दलही न्यायानं बोललं पाहिजे. हे तंत्र वाईट नाही, उलट फार मोठं आहे. आणि त्याच्या मुळाशी आपलाच माणूस आहे. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि एक्सायमर लेझरखाली धरलं. आजूबाजूचा भाग न जळता हवा तेवढाच भाग स्वच्छ कापला गेला. पुढं त्यातूनच डोळ्याचं लेझर उभं राहिलं. योग्य डोळ्यावर हे ऑपरेशन केलं तर बहुतेकांना चांगलं दिसतं आणि बहुतेक लोक समाधानी असतात.

पण 'काहीच त्रास नाही' हे वाक्यही खरं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इतरांबरोबर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. त्याच अभ्यासात, ज्यांना आधी दिव्याभोवती वलय, चकाकी, दोन-दोन दिसणं असं काहीही नव्हतं, त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी यातलं काही ना काही नव्यानं जाणवत होतं. फार त्रास होणारे एक टक्क्याहूनही कमी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पॅम्प्लेटवर पहिलीच छापतात.

म्हणून चष्मा जाईल का, हा दुसरा प्रश्न आहे. या डोळ्याला हात लावावा का, हा पहिला. त्यासाठी काय बघतात, ते लिहून ठेवा.

वय अठराच्या वर पाहिजे, आणि नंबर किमान वर्षभर स्थिर. जुने चष्म्याचे कागद फेकू नका, तोच पुरावा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी बंद करावी लागते. मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून बरेच जास्त दिवस. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकतो. सकाळी लेन्स काढून दुपारी शिबिरात तपासलं, याला तपासणी म्हणत नाहीत.

जाडी आणि आकार, दोन्ही मोजले पाहिजेत. फक्त जाडी पुरेशी नाही, हे वर पाहिलंच.

डोळ्यातला ओलावा बघतात. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. आधीच कोरडे असलेले डोळे लेझरनंतर आणखी त्रास देतात.

बाहुली मोठी करणारे थेंब टाकून मागचा पडदा, म्हणजे रेटिना तपासतात. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांचा पडदा पातळ असतो, त्याला छिद्र पडू शकतं. चष्मा गेला तरी ही जोखीम जात नाही, म्हणून ऑपरेशननंतरही पडदा तपासत राहावा लागतो. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबायचं. ताब्यात नसलेली शुगर, संधिवातासारखे आजार, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांना सांगायचं. लाजायचं नाही.

लेसिक जमलं नाही म्हणजे सगळेच रस्ते संपले असंही नाही. काहींना पापुद्रा न उचलता करायचं लेझर चालतं, काहींना डोळ्यात लेन्स बसवतात. पण कुणाला काय, हे तपासणीनंतर ठरतं. पॅकेजच्या नावावरून नाही.

चाळिशीतल्या माझ्या दोस्तांना एक. दूरचा चष्मा गेला तरी वाचायचा येणारच. तो वयाचा आहे, कॉर्नियाचा नाही.

भरतीवाल्या पोरांसाठी तर हे डबल वाचा. रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट पदासाठी चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, म्हणून पोरं लेझर करून येतात. आणि त्याच जाहिरातीत लिहिलेलं असतं की लेसिक किंवा नंबर घालवण्याचं दुसरं कुठलंही ऑपरेशन केलेला उमेदवार या पदाला अपात्र. म्हणजे ज्या नोकरीसाठी बापानं पैसे उभे केले, तीच नोकरी त्या पैशानं घालवली. प्रत्येक पदाचा नियम वेगळा असतो. आधी जाहिरातीतला वैद्यकीय निकष वाचा, मग डोळ्याचं बघा.

विम्याच्या भरवशावरही राहू नका. आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अटींमध्ये ७.५ पेक्षा कमी नंबरासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च वगळलेला असतो. 'विम्यात बसवून देतो' असं कुणी म्हणालं तर कागदावर मागा.

शिबिरं घेणाऱ्या मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. शिबिरं घ्या. म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू त्यातून निघतात, ते पुण्याचंच काम आहे. पण निरोगी पोरांच्या डोळ्यांवर 'फिट'चा शिक्का मंडपात मारू नका. पुढच्या तपासणीला पाठवा, नकाशाच्या अहवालाची प्रत घरच्यांच्या हातात द्या, आणि संमतीपत्र मराठीत ठेवा. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते वाचता आलं पाहिजे. बॅनर तुमचा, जबाबदारीही तुमचीच. पुढच्या शिबिराची बातमी करायला मी येईन तेव्हा हेच तीन प्रश्न विचारणार आहे, तयारीत राहा.

भाचीचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी खाजेचे थेंब दिलेत, डोळे चोळायला सक्त मनाई. दर सहा महिन्यांनी नकाशा काढायचा. आजार वाढताना दिसला तर थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार आहे, त्यानं वाढ थांबवायचा प्रयत्न करतात. भिशीचे पैसे त्यासाठीच राखून ठेवलेत.

परत येताना एसटीत बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मोहोळच्या पुढं आल्यावर म्हणाली, "आता स्थळाला काय सांगायचं रे?" मी काही बोलायच्या आत भाचीच म्हणाली, "आई, चष्मा आहे म्हणून सांग. दिसतंय मला त्यातनं सगळं."

तुमच्या घरात कुणी डोळे चोळत असेल तर आज त्याचा हात धरा. चष्म्याचे जुने कागद शोधून एका पिशवीत ठेवा. कुणाला शिबिरात 'फिट'चं कार्ड मिळालं असेल तर पैसे भरण्याआधी कॉर्नियाचा नकाशा काढला का, एवढं विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.